इटलीच्या मुलांचा पास्ता आणि आपल्या मुलांची पाच रुपयांची पुडी



गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या एका गावातून एक ताई त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन ओपीडीत आल्या. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण केस पेपर काढताना अजून सगळे वेल्हेच सांगतात.) तक्रार नेहमीचीच होती. "डॉक्टर, काहीच खात नाही ओ. शाळेतनं आला की नुसता झोपतो. एखादं टॉनिक लिहून द्या."

मुलाचं वजन १७ किलो. खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढुरकी. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.६. या वयात ते किमान ११.५ तरी असायला हवं.

मी विचारलं, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत ह्याने काय काय खाल्लं ते सांगा बरं."

सकाळी चहात बुडवून अर्धा पुडा बिस्किटं. शाळेच्या वाटेवर दुकानातून पाच रुपयांची चटपटीत पुडी. शाळेतली खिचडी अर्धी खाल्ली, अर्धी टाकली. घरी आल्यावर परत चहा आणि उरलेली बिस्किटं. संध्याकाळी मोबाईल बघत नूडल्स. रात्री दोन घास भात आणि आमटीचं वरचं पाणी.

म्हणजे मूल "काहीच खात नाही" हे खरं नव्हतं. ते दिवसभर खात होतं.

"घरी नाचणीची भाकरी होते का?" मी विचारलं. ताई हसल्या. "ती आता कोण खातं डॉक्टर? ते सासूबाईंच्या काळातलं. मी ह्याला पाकिटातला पास्ता करून देते. मोबाईलवर बघितलंय मी, इटलीची पोरं रोज पास्ताच खातात. कशी गुटगुटीत असतात!"

त्या दिवशी बाहेर रांग होती. लोहाचं औषध आणि जंताची गोळी लिहून दिली, चहा बंद करायला सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला. पण ताईंचं ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. यात थोडा राग आहे, तो ताईंवर नाही. कोणावर आहे ते पुढे येईलच.

इटलीची मुलं खरंच काय खातात?

ताईंची माहिती अर्धी बरोबर आहे. इटलीत पास्ता खरोखर रोजच्या जेवणात असतो. पण तो कसा असतो ते बघा.

तिकडे वाळवलेला पास्ता ड्युरम नावाच्या कडक गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे, असा १९६७ पासून कायदा आहे. रवा आणि पाणी, एवढंच. हा ड्युरम गहू आपल्याला परका नाही. आपण ज्याला बन्सी म्हणतो, तो याच जातीचा. उन्हाळ्यात अंगणात खाटेवर वाळत घातलेल्या बन्सी रव्याच्या शेवया म्हणजे आपला पास्ताच की! फरक इतकाच की इटलीच्या आजीला तिच्या पास्त्याचा अभिमान वाटतो आणि आपल्याला शेवयांची लाज वाटते.

दुसरी गोष्ट. तिकडच्या जेवणात पास्ता हा पहिला वाढप असतो, अख्खं जेवण नव्हे. ज्या प्राथमिक शाळा दुपारनंतरही चालतात, तिथे मुलं शाळेतच जेवतात. आधी पास्ता, भात किंवा सूप. मग अंडं, मासा, मांस किंवा कडधान्य, सोबत भाजी. शेवटी फळ. मुलं टेबलाशी बसून, एकमेकांशी बोलत जेवतात. दुपारी चार-पाचच्या सुमाराला एक छोटं खाणं असतं, त्याला ते 'मेरेंदा' म्हणतात. रात्री साडेसात-आठला घरातले सगळे एकत्र बसून जेवतात. संध्याकाळी गावाच्या चौकात फेरी मारायची पद्धत आहे. आई-बाबा, आजी-आजोबा गप्पा मारतात आणि पोरं तिथेच पळापळी करतात.

आता खरं तेही सांगतो. तिकडे सगळंच आदर्श नाही. सकाळच्या नाश्त्याला इटलीची मुलं दूध आणि बिस्किटंच खातात. दक्षिण इटलीतल्या कितीतरी शाळांत दुपारच्या जेवणाची सोयच नाही. आणि ती "गुटगुटीत" असण्याची गोष्ट तर फारच वाईट आहे. तिच्याकडे मी शेवटी येतो.

पण मुद्दा लक्षात घ्या. ताईंनी इटलीकडून घेतला तो पास्ता, तोही पाकिटातला, मिठाने भरलेल्या मसाल्याच्या पुडीसकट. घ्यायला हवं होतं ते ताट. म्हणजे एका जेवणात चार-पाच प्रकारचं अन्न, जेवायची ठरलेली वेळ, सोबतीला माणसं, आणि आपल्या भागात पिकतं त्याचा अभिमान.

आपल्याकडे काय पिकतं?

भोर-वेल्हे म्हणजे मावळ. राजगड, तोरणा, रायरेश्वर, रोहिड्याच्या पायथ्याचा मुलूख. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी, एवढी धरणं इथे आहेत. खाचरात इंद्रायणी पिकतो. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. बांधाबांधावर पावटा, घेवडा, कारळे. पावसाळा सुरू झाला की टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली फुकट उगवतात. ओढ्याला खेकडे आणि मासे. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं. दारात शेवगा, परड्यात पेरू, घराभोवती चार कोंबड्या.

पोषणशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. शेवग्याचा पाला, टाकळा यांत लोह आणि अ जीवनसत्त्व. कारळे, तीळ, शेंगदाण्यात चांगलं तेल आणि प्रथिनं. पेरू आणि लिंबात क जीवनसत्त्व. अंडं, खेकडे, सुकट यांत उत्तम प्रथिनं. लहान मुलाला वाढायला जे जे लागतं, त्यातलं बहुतेक सगळं या डोंगरात आहे.

आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. १०० पैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. मला वाईट याचं वाटतं, की ज्या घराच्या मागे शेवगा आहे त्याच घरातलं मूल माझ्यासमोर पांढऱ्या पापण्या घेऊन बसतं. शेवग्याच्या शेंगा मार्केटला जातात आणि त्या पैशातून घरात बिस्किटं येतात.

पुडी पोटात गेल्यावर काय होतं?

साध्या भाषेत सांगतो.

सात वर्षांच्या मुलाचं पोट लहान असतं. एका वेळी फार मावत नाही. त्यात तुम्ही आधी काय भरता यावर सगळं अवलंबून आहे. बिस्किट म्हणजे मैदा, साखर आणि बहुतेक वेळा पाम तेल. चटपटीत पुडी म्हणजे पीठ किंवा बटाटा, तेल आणि भरपूर मीठ. यातून ऊर्जा मिळते, पोट भरतं, भूक मरते. पण लोह, झिंक, चांगली प्रथिनं जवळपास काहीच मिळत नाहीत. मग जेवणाच्या वेळी मूल म्हणतं, "भूक नाही." ते खोटं बोलत नसतं. त्याची भूक तुम्ही पाच रुपयांना विकत घेतलेली असते.

त्यात भर म्हणजे चहा. चहातले टॅनिन भाकरी, भाजी, डाळीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात शोषलं जाऊ देत नाहीत. म्हणजे जे थोडंफार लोह पोटात गेलं, तेही वाया. दूध घातलेला असला तरी चहा तो चहाच. "थोडासाच देते, दुधाचा आहे" असं आई म्हणते, पण मुलाला चहा द्यायची गरज मुळात काय आहे?

लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी होतं. हिमोग्लोबिन कमी म्हणजे शरीराला आणि मेंदूला प्राणवायू कमी. मग मूल दमतं, चिडतं, वर्गात पेंगतं, माती किंवा पाटीची पेन्सिल खातं, सारखं आजारी पडतं. मास्तर म्हणतात, लक्ष नाही. वडील म्हणतात, आळशी आहे. आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मंदावते. मग आई काळजीने म्हणते, निदान बिस्किट तरी खाऊ दे. असं हे चक्र फिरत राहतं.

हीच पुडी भोर शहरातल्या, जरा बऱ्या परिस्थितीतल्या मुलाला वेगळ्या वाटेने घेऊन जाते. तो घरी पोटभर जेवतो आणि वर पुड्याही खातो. खेळायला जात नाही. दहाव्या वर्षी वजन ५० किलो आणि मानेवर काळपट, जाडसर पट्टा. आई म्हणते, "घासला तरी मळ जात नाही." तो मळ नसतो. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते आणि पुढे मधुमेहाची भीती असते. एक मूल वाळतंय, एक फुगतंय. दोघांच्या दप्तरात पुडी तीच.

दोष कोणाचा?

आता रागाचं सांगतो.

भातलावणीच्या दिवसांत आई सकाळी सातला चिखलात उतरते ती अंधार पडताना घरी येते. मूल आजीपाशी. आजीला दिसत कमी, गुडघे दुखतात. रडणाऱ्या नातवाला गप्प करायला तिच्याकडे दोनच गोष्टी आहेत, मोबाईल आणि पुडी. या आईला आणि या आजीला दोष देणाऱ्यांपैकी मी नाही.

पण बाबा, तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही शिरवळच्या कंपनीत किंवा पुण्यात कामाला. शनिवारी घरी येताना पिशवी भरून पुड्या आणता. आठवडाभर पोराला भेटलो नाही, त्याची भरपाई. पोराला बाप हवा असतो, तुम्ही त्याला वेफर्स देता. त्या पिशवीत पुढच्या शनिवारी डझनभर अंडी, पेरू, शेंगदाण्याची चिक्की आणा. आणि आणलंत की त्याच्याजवळ बसून त्याच्यासोबत खा.

पाहुण्यांनो, तुमच्याशीही. आपल्याकडे कुणाच्या घरी जाताना, अगदी दवाखान्यात आजारी माणसाला भेटायला जाताना बिस्किटाचा पुडा न्यायची पद्धत पडली आहे. माझ्या वॉर्डात जुलाबाने आलेल्या मुलाच्या उशाशी सहा-सहा पुडे असतात. ही पद्धत आपणच पाडली, आपणच मोडू शकतो.

शिक्षकांनो आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनो, २०२० च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ मुलांना विकायला बंदी आहे. आता तुमच्या शाळेच्या गेटवर उभे राहा आणि दुकानापर्यंत पावलं मोजा. दुकानदार आपलाच भाऊबंद असतो, म्हणून कोणी बोलत नाही. त्याचं दुकान बंद करा असं मी म्हणत नाही. त्याला फुटाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, केळी, उकडलेली अंडी ठेवायला सांगा. पोरं पाच रुपये घेऊन येणारच आहेत.

आणि शेवटी आम्ही डॉक्टर. "टॉनिक द्या" म्हटलं की लिहून देतो. महागड्या प्रोटीन पावडरचा डबा लिहून देतो. त्यात बऱ्याचदा साखरच भरपूर असते. पेशंटही खूश, आम्हीही मोकळे. दहा मिनिटं बसून मुलाच्या ताटात काय आहे हे विचारायला आमच्याकडे वेळ नसतो. त्या दिवशी रांग होती म्हणून मीही ताईंना नीट समजावलं नाही. माझा राग आधी माझ्यावरच आहे.

"पण डॉक्टर..."

"पूर्वीची मुलं कुठे एवढी धडधाकट होती?" बरोबर आहे. जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. तेव्हा उपासमार होती, जुलाबाने आणि गोवराने मुलं जात होती, लस नव्हती. शिवाय एकाच धान्यावर जगणं धोक्याचंच असतं. याचाही धडा इटलीतलाच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीतले गरीब शेतकरी जवळजवळ फक्त मक्याच्या पिठाची 'पोलेंता' खाऊन जगत. त्यांना 'पेलाग्रा' नावाचा रोग होई. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी वेड लागायचं. कारण होतं एका ब जीवनसत्त्वाची कमतरता. म्हणून नुसती नाचणी खाऊ घाला असं मी सांगत नाही. नुसत्या भातावर वाढणारं मूलही तितकंच अडचणीत येतं. नाचणी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, फळ असं मिळून ताट होतं.

"पाकिटावर व्हिटॅमिन लिहिलंय की!" पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीची. पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी वाचा. जो पदार्थ सर्वांत जास्त, त्याचं नाव सर्वांत आधी लिहायचा नियम आहे. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर, पाम तेल दिसलं की पुढचं व्हिटॅमिन वाचायची गरज नाही.

"आम्हाला परवडत नाही." हिशोब करू. रोज दोन पुड्या म्हणजे १० रुपये, महिन्याला ३००. अंडं साडेसात रुपयांना धरलं तरी त्यात ४० अंडी येतात. म्हणजे घरातल्या एका मुलाला रोज एक अंडं, आणि वर दहा उरतात.

"तो खातच नाही ओ, थुंकून टाकतो." नवीन चव मुलं पहिल्या फटक्यात घेत नाहीत. एखादा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल तो खायला लागतं. आपण दुसऱ्याच वेळी हरतो आणि पुडी फोडतो. मुलालाही कळतं, थुंकलं की पुडी मिळते.

उद्यापासून काय करायचं?

१. मुलांचा चहा बंद. एकदम जमत नसेल तर आठ दिवसांत कमी करत बंद करा. सकाळी दूध, नाचणीची आंबील किंवा नाचणी सत्त्व द्या. नाचणीला मोड आणून वाळवून दळली किंवा पीठ आंबवलं, की तिच्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

२. सकाळी शाळेत जाण्याआधी काहीतरी खरं खाणं. शिळी भाकरी आणि दूध, फोडणीचा भात आणि अंडं, शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी आणि भाकरी. दहा मिनिटांची कामं आहेत.

३. जेवणात रोज डाळ किंवा कडधान्य, आणि त्यावर लिंबू पिळा. क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. आमटीचं वरचं पाणी मोठ्यांनी घ्या, खालची डाळ मुलाला द्या.

४. शाळेतला पोषण आहार टाकू देऊ नका. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी त्याची आखणी आहे. खिचडी पातळ असेल, चव नसेल तर शाळेत जाऊन बोला. तो तुमच्या मुलाचा हक्क आहे.

५. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळेत आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी मिळते, मोठ्यांना निळी. अंगणवाडीच्या वयात सिरप. वर्षातून दोनदा जंताची गोळी. "गरम पडते" म्हणून फेकू नका.

६. मुलाची पापणी, जीभ, नखं पांढुरकी दिसत असतील, ते माती खात असेल, चढ चढताना धापा टाकत असेल, तर आधी रक्त तपासा. रक्त बरंच कमी झालं असेल तर नुसत्या आहाराने ते भरून निघत नाही, लोहाचं औषध महिनोन्‌महिने द्यावं लागतं. डोस डॉक्टरांना ठरवू द्या.

७. जेवताना मोबाईल नाही. मुलाचाही नाही आणि तुमचाही नाही. दिवसातून एक जेवण सगळ्यांनी एकत्र.

८. मुलाला ताट वाढू द्या. ही कल्पनाही इटलीतूनच आलेली आहे. मारिया माँटेसरी या स्वतः डॉक्टर होत्या. १९०७ मध्ये त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. तिथे चार-पाच वर्षांची मुलं टेबल मांडायची, सूपची भांडी उचलून एकमेकांना वाढायची. त्याच विचारातून ताराबाई मोडकांनी महाराष्ट्रात बालशिक्षणाचं काम उभं केलं, बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. आपली आजची अंगणवाडी त्या कामाची ऋणी आहे. जे मूल स्वतः शेंगा सोलतं, भाकरीचा उंडा थापून बघतं, ते मूल ती भाकरी खातं. करून बघा.

ती गुटगुटीत मुलं

इटलीच्या दक्षिणेला कांपानिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या चिलेंतो भागातल्या पिओप्पी या छोट्या गावात अन्सेल कीज नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ अनेक वर्षं राहिले. साध्या शेतकऱ्यांचं जेवण, म्हणजे भाज्या, कडधान्यं, ऑलिव्हचं तेल, थोडे मासे आणि हृदयाचं आरोग्य यांचा संबंध त्यांनी जगासमोर मांडला. त्या जेवणाला भूमध्य आहार म्हणतात. २०१० मध्ये युनेस्कोने तो मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घेतला. आजही शहरातले हार्टचे डॉक्टर पेशंटला तो आहार घ्यायला सांगतात.

आता त्याच भागातल्या मुलांची गोष्ट ऐका. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातल्या मुलांच्या वजनाची आकडेवारी जाहीर केली. लठ्ठ मुलांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांत इटली, ग्रीस, स्पेन होते. तिथे साधारण पाचातला एक मुलगा लठ्ठ. आणि इटलीतही सर्वांत जास्त वजनदार मुलं कुठे? त्याच कांपानियात.

जगाला ज्यांचं जेवण आदर्श वाटतं, त्यांच्याच नातवंडांनी ते सोडलं. आजीच्या कडधान्याच्या सूपची जागा पाकिटातल्या गोड ब्रेडने आणि कोल्ड्रिंकने घेतली. ताईंनी मोबाईलवर बघितलेली गुटगुटीत मुलं म्हणजे, त्यांतली काही तरी, हीच.

आपण नेमकं तेच करतोय. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. पुण्यातल्या मॉलमध्ये आता नाचणीची बिस्किटं आणि नाचणीचा पास्ता महागात विकला जातो. शहरातली माणसं शनिवार-रविवारी राजगड-तोरणा चढून खाली येतात आणि चुलीवरची भाकरी, पिठलं आणि ठेचा पैसे मोजून खातात, फोटो काढतात. ती भाकरी थापणाऱ्या बाईचं पोर मागच्या खोलीत पुडी खात बसलेलं असतं. हे चित्र मी स्वतः पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही.

ताई तीन महिन्यांनी परत आल्या. मुलाचं हिमोग्लोबिन १०.७ झालं होतं. त्यातलं मोठं श्रेय औषधाचं, हे प्रामाणिकपणे सांगतो. वजन एक किलोने वाढलं होतं. मी विचारलं, "नाचणी?" ताई म्हणाल्या, "सासूबाई करून देतात गूळ घालून. आधी रडायचा, आता खातो. पण दुकान दिसलं की अजून हात ओढतो ओ."

ओढणारच. सात वर्षांचं पोर आहे ते. दुकानाकडे हात ओढणं हे त्याचं काम आणि हात धरून पुढे चालणं हे आपलं.

तुमच्या घरात काल दिवसभरात मुलाने काय काय खाल्लं, ते आज रात्री एका कागदावर लिहा. काही लपवू नका, तो कागद तुमच्याशिवाय कोणी वाचणार नाही. आणि पुढच्या वेळी ओपीडीत याल तेव्हा टॉनिक मागण्याआधी तो कागद माझ्यासमोर ठेवा.

रांग असली तरी मी वाचीन.